निलूच्या ओटीचा नारळ

उज्जैनला समुद्र नाही. शिप्रा आहे, पण भर उन्हाळ्यात तिच्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते. अशा गावात, फ्रीगंजात टावर चौकाजवळच्या एका गाळ्यात बसून मी सहा-सात वर्षं जहाजाची तिकिटं विकली. माझी नात म्हणते, "आबा, फेकू नका." फेकत नाही. त्या वर्षांतली एक सकाळ मी अजून विसरलेलो नाही, आणि तिचा धक्का आजही पुरता ओसरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मूळचा मी यात्रा कंपनीवाला. एक बस, एक आचारी, दोन पातेली आणि चारधाम. आमच्या धंद्यात लेखी काही नसायचं, शब्द असायचा. "मुकुंदराव म्हणाले ना, मग पक्कं," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. मग नव्वद सालानंतर हवा बदलली. ज्यांच्या घरी कालपर्यंत फोनसाठी नंबर लागलेला होता, ते पासपोर्टचे फॉर्म भरायला लागले. इंदूरच्या एका हॉटेलात एका जहाज कंपनीच्या माणसानं आम्हा एजंटांना जेवायला बोलावलं, पडद्यावर चित्रं दाखवली, आणि मी सिंगापूरच्या जहाजाचा उज्जैनमधला पहिला एजंट झालो.

गिऱ्हाइकं मात्र तीच, बसवाली. एकानं विचारलं, "लोअर बर्थ मिळेल ना?" एका बाईंना खिडकी उघडणारी हवी होती, कारण त्यांना गाडी लागते. एक सराफ म्हणाले, "रस्त्यात चहासाठी कुठे थांबवता?" मी सगळ्यांना "हो, हो" म्हणायचो. तेव्हा मी स्वतःही जहाज चित्रातच पाहिलं होतं.

या जहाजाच्या प्रवासाला इकडून तिकडे जाणं नसतं. सिंगापूरहून निघायचं, दोन-तीन बंदरं बघायची, परत सिंगापूर. काही बंदरांत जहाज थेट धक्क्याला लागतं. काही बेटांजवळ पाणी उथळ असतं, तिथे जहाज दूर नांगर टाकतं आणि लहान होड्यांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. हे सगळं माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. होड्या सोडायच्या की नाही हे हवामान बघून कप्तान ठरवील, असंही होतं. मी ते वाचलं होतं. पण बसमध्ये "सवारी अपने सामान की स्वयं ज़िम्मेदार है" हे जसं वाचतो, तसं.

एका दुपारी मालतीकाकू बर्वे ऑफिसात एकट्या आल्या. त्यांचे यजमान तात्या रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले. तात्या म्हणजे घड्याळ. भाजी आणायलाही पंचांगातला शुभ चौघडिया बघून निघणारा माणूस. त्यांची एकुलती एक मुलगी नीलिमा इंदूरच्या हॉटेलात रिसेप्शनवर होती. तिथल्याच स्वयंपाकघरातल्या थॉमस नावाच्या केरळी मुलाशी तिनं लग्न केलं. त्या दिवशी तात्या देवासमोर उभे राहून म्हणाले, तिच्या घराचा उंबरठा मी या जन्मी ओलांडणार नाही, आणि या घरात तिचं नाव निघणार नाही. आठ वर्षं निघालंही नव्हतं. सगळ्या फ्रीगंजला हे ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यांना मुलाबाळांचं विचारतच नसे.

काकूंनी पदराआडून एक पाकीट काढलं. नीलिमाची, त्यांच्या निलूची, पत्रं शेजारणीच्या पत्त्यावर येत असत. त्यांनी माझ्या माहितीपुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवलं.

"मुकुंदा, ही जागा रस्त्यात पडते ना?"

थायलंडजवळचं ते बेट होतं. जावई तिथल्या एका हॉटेलात मोठा आचारी झाला होता. निलूला पाच वर्षांची मुलगी होती. काकूंनी नातीचा फोटोसुद्धा शेजारणीच्याच घरी बसून पाहिला होता.

"ह्यांना काही बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही तिच्या घरी जातच नाही आहोत. जहाज लागेल, ती धक्क्यावर येईल. चार घंटे. समोर पोरगी दिसली तर ह्यांचं मन पघळेल. नाही पघळलं तर मी तरी तिची ओटी भरीन. लग्नातही नाही रे भरली. पक्कं आहे ना, जहाज थांबतं तिथे?"

मी म्हणालो, "काकू, शब्द देतो. सकाळी नऊला तुमचे पाय त्या मातीला लागतील."

आता तारखेची गोष्ट, कारण घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली. कंपनीकडे दोन तारखा होत्या, एक ज्येष्ठातली आणि एक कार्तिक सरताना. तात्यांना सिंगापूर बघायची हौस होती, तेव्हा ते तयार झाले, पण ज्येष्ठातली तारीख ऐकून माझ्यावर डाफरलेच.

"पावसाळ्याच्या तोंडावर दर्यात नेता? अक्कल आहे का? नारळी पौर्णिमा होऊ द्या, समुद्र शांत होऊ द्या. चातुर्मास संपू द्या. देवउठनी ग्यारसनंतर बघा."

मला ते शंभर टक्के पटलं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की समुद्र शांत होतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. बाकीच्या तीस माणसांनीही माना डोलावल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून पंचांग बघून, ग्यारसनंतरचा, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचा, चांगला दिवस काढला आणि निघालो.

सिंगापूरला आमच्या मंडळींनी माना वर करून जहाज पाहिलं. पाण्यावर उभी केलेली दहा मजली इमारत. पहिली संध्याकाळ मजेत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जमीन हलायला लागली.

जहाज कंपन्या वादळाला कसं तोंड देतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. घाबरवणारा शब्द कुणी उच्चारत नाही. कप्तान भोंग्यावरून इतक्या शांतपणे बोलतो की वाटावं, जेवणात आज पालक आहे असं सांगतोय. तोवर नोकर पोहण्याचा तलाव रिकामा करून त्यावर जाळं बांधतात, पियानोला दोरखंड घालतात, गच्चीची दारं बंद करतात. मग जिन्याच्या कठड्यांमागे कागदी पिशव्या खोचल्या जातात. आमच्या लोकांना वाटलं, फुकट आहेत. कापडाचे व्यापारी मोहनलालजी यांनी दहा-बारा काढून त्यांत आपली सेव भरून ठेवली. पिशव्या कशासाठी होत्या ते तासाभरात कळलं, तेव्हा सगळा मजला सेव बाहेर काढायला धावला. नंतर हिरवी सफरचंदं आणि आल्याच्या वड्या आल्या. थोडी हुशारी वाटलेल्यांसाठी जादूचा खेळ. जादूगार दोनदा पडला, तरी हसत उठला.

काकू खोलीत आडव्या होत्या. चेहरा पांढरा. मी डोकावलो तर म्हणाल्या, "मला काही नाही रे होत. उद्या जहाज लागलं की बस."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जहाज थांबलं. काचेतून पावसापलीकडे बेट दिसत होतं, एक हिरवा उंचवटा आणि त्याच्या पायाशी पांढऱ्या इमारती. इतकं जवळ की मला हायसं वाटलं. काकू तयार होऊन खाली आल्या होत्या. जरीकाठी लुगडं, हातात कापडी पिशवी. तिच्यात खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या आणि उज्जैनहून आणलेला नारळ. तात्यांना त्यांनी सांगितलं होतं की बेटावर देऊळ आहे.

खलाशांनी एक होडी खाली सोडून पाहिली. ती जहाजाच्या अंगाशी माणूसभर वर यायची आणि माणूसभर खाली जायची. एक खलाशी पाय टाकायला गेला, होडी त्याच्या पायाखालून निघून गेली, त्याला दोघांनी वरच्यावर खेचलं. बघणाऱ्या बायका किंचाळल्या. नऊ वाजता होडी वर ओढली आणि भोंगा बोलला. उतरणं रद्द. जहाज वळून खुल्या समुद्रात जाईल. आपल्या सुरक्षिततेसाठी. दुपारी बक्षिसांचा खेळ दोनदा होईल.

आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की आपण गाव समोर दिसत असताना गाव गाळूनही जाऊ शकतो. बस पंक्चर झाली, दरड कोसळली, रात्र रस्त्यात काढली, पण बद्रीनाथ गाळून मी कधी कुणाला परत आणलं नव्हतं. माझ्या शेजारी उभे असलेले तात्या पुटपुटले, "गाडी कितीही लेट होवो, स्टेशन सोडत नाही. हा काय प्रकार आहे?"

मोठ्या दालनात चौकशीचा काउंटर होता. तिथे फर्नांडिस नावाचा गोव्याचा अधिकारी बसायचा. सगळे त्याच्यावर तुटून पडले. इतर देशांचे प्रवासी दोन शब्द बोलून कॉफीकडे वळले. आमच्या मोहनलालजींनी मात्र गालिच्यावर बैठक मारली. "धरना! जब तक किनारा नहीं, तब तक उठना नहीं!" वीस माणसं त्यांच्यामागे मांडी घालून बसली. घोषणा सुरू झाल्या. तेवढ्यात जहाज वळताना कललं, आणि धरना बसल्या जागेवरून घसरत घसरत समोरच्या भिंतीला जाऊन टेकला. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

मी फर्नांडिसला बाजूला घेतलं. "साहेब, नारळी पौर्णिमा होऊन तीन महिने झाले. आता वादळ कसं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, नारळी पुनव आपल्या समुद्राची. हा तिकडचा समुद्र नाही. इथला पावसाळा आता कुठे सुरू होतो. ज्येष्ठात आला असता तर पाणी ताटासारखं असतं."

मला घेरी आल्यासारखं झालं, आणि ती जहाजानं नव्हे. ज्येष्ठातली तारीख माझ्या टेबलावर होती. मी धंदेवाला, मी एकदा तरी विचारायला हवं होतं. आम्ही कोकणाचं पंचांग घेऊन परक्या समुद्रात शिरलो होतो, आणि ते पंचांगही आम्हाला माळव्यात बसून पाठ झालेलं.

आमचं बोलणं मोहनलालजींनी अर्धंच ऐकलं. ते उठले. "तो नारियल चढ़ाओ! अभी चढ़ाओ! समुद्र देवता नाराज़ हैं." सगळ्यांना पटलं. पण नारळ कुणाकडे? कुणाला तरी काकूंची पिशवी दिसली.

"काकी, नारियल दे दीजिए. आप तो मंदिर में चढ़ानेवाली थीं, यहीं चढ़ा देते हैं."

काकूंनी पिशवी छातीशी धरली. "नाही."

"अरे, सबके भले के लिए है, काकी." त्यांनी पिशवीला हात घातला. वाईट मनानं नव्हे, घाबरलेला माणूस असंच करतो.

"हात लावू नका!" काकू ओरडल्या. मी त्यांचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "हा माझ्या निलूच्या ओटीचा नारळ आहे! ती तिथे उभी आहे! त्या समोरच्या किनाऱ्यावर माझी पोर पावसात उभी आहे!"

आमच्या तीसही माणसांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते काकूंकडे बघत नव्हते, काचेबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो, तात्या."

"ती केव्हापासून उभी असेल?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. काकू रडत म्हणाल्या, "सहापासून येते म्हणून लिहिलं होतं."

"सहा ते नऊ," तात्या म्हणाले. एवढंच. मग ताठ चालत काउंटरपाशी गेले. जहाज डोलत होतं, पण हा माणूस सरळ रेषेत गेला.

"किनाऱ्यावर तुमचा माणूस असेल. होड्या उतरवून घ्यायला. त्याला लाइनवर घ्या."

फर्नांडिस म्हणाला, "तशी परवानगी नाही, साहेब. इमर्जन्सीसाठीच असतं ते. नियम आहे."

"नियम मला शिकवता?" तात्यांचा आवाज चढला नाही. "पस्तीस वर्षं नियमानं गाड्या चालवल्या मी. गाडी स्टेशनवर थांबणार नसेल, तर फलाटावर उभ्या माणसाला तसं सांगायचं. हा पहिला नियम. तो तुमच्याकडे नाही?"

फर्नांडिसनं त्यांच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि कमरेचा वॉकीटॉकी काढला. इंग्रजीत वर कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "बाईंचं नाव सांगा."

काकूंनी तोंड उघडलं. तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आठ वर्षं ज्या घरात ते नाव निघालं नव्हतं, त्या घराचा मालक उज्जैनच्या तीस माणसांसमोर उभा होता.

"नीलिमा," ते म्हणाले. "नीलिमा बर्वे."

"थॉमस," काकू हळूच म्हणाल्या.

"जे असेल ते. म्हणावं, उज्जैनची नीलिमा."

दोन मिनिटं नुसती खरखर. नंतर खरखरीतून बाईचा आवाज आला. "आई? आई, मी इथेच आहे. दिसतंय जहाज. आई?"

फर्नांडिसनं यंत्र तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं, पण बोलता येईना. त्या यंत्राचं असं असतं की आपण बटण दाबून धरलं तर पलीकडचं ऐकू येत नाही. तात्या बटण दाबून उभे, आणि पलीकडे निलू बोलत असली तरी आम्हाला काही कळत नव्हतं. फर्नांडिसनं हळूच त्यांचं बोट उचललं. तेव्हा आत एक लहान मुलीचा आवाज होता.

"आजोबा, तुमचं जहाज रुकत का नाही?"

तात्या खुर्चीत बसले. नात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि ती परदेशातली, थॉमसची पोरगी, आमच्या उज्जैनच्या मराठीत बोलत होती. 'रुकत' म्हणत होती. पुण्याचे पाहुणे ज्या शब्दांवरून आम्हाला हसतात, ते निलूनं तिकडे समुद्रापार पोरीला शिकवले होते. मोहनलालजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मला तर कुठे बघावं समजेना.

"रुकेल," तात्या शेवटी म्हणाले. "पाऊस आहे ना बेटा. घरी जा. भिजू नको."

मग काकू बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बाजूला झालो. जहाजाच्या इंजिनांची घरघर वाढली, आवाज तुटायला लागला, आणि दहा मिनिटांत बेट पावसात दिसेनासं झालं. काकू नारळाची पिशवी मांडीवर घेऊन काचेपाशी बसून राहिल्या. परतीच्या प्रवासात त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दिलेला शब्द फुकट गेला, तो हा एकच. बाकी कुणी कितीही शिव्या दिल्या तरी मला लागलं नाही, हे मात्र अजून लागतं.

त्यानंतर जहाजाचं गिऱ्हाईक आलं की मी शेवटचं पान आधी मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला लागलो. कुठल्या समुद्राचा पावसाळा केव्हा, याचा तक्ता भिंतीवर लावला. निम्मे लोक ऐकून परत जायचे आणि उटीला जायचे.

महिनाभरानं तात्या ऑफिसात आले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"त्या बेटाला विमान जातं म्हणे. दोन तिकिटं काढा. पहिलं मिळेल ते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तात्या, पौष चालू आहे."

"कॅलेंडर माझ्या घरीही आहे, मुकुंदराव. तो नारळ घरात पडलाय. खवट व्हायच्या आत पोहोचायला हवं."

गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ मेली आवरत नाही. मी विचारलं, "आणि... उंबरठ्याचं?"

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली. टावरच्या घड्याळाकडे पाहून आपलं घड्याळ जुळवलं. मग म्हणाले, "मी पत्रानं चौकशी केलीय. तिकडच्या घरांना उंबरठा नसतो."

ते गेले, महिनाभर राहिले, ओटी भरली गेली. आज तात्या नाहीत, काकूही नाहीत. मागच्या वर्षी मुलानं मला तिकडे फिरायला नेलं, तेव्हा मी निलूकडे जेवायला गेलो. लाकडी घर, पुढे पडवी. निलूनं दार उघडलं, मी आत पाऊल टाकलं आणि ठेचकाळून पडता पडता वाचलो. खाली पाहिलं. दारात वीतभर उंचीचा जाड सागवानी उंबरठा होता, त्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

"सांभाळून, मुकुंदकाका," निलू मला धरत म्हणाली. "बाबांनाही इथेच ठेच लागली होती."